झटकन उघडणारा घडीचा चाकू: खरंच कामाचा की नुसता खटखटाट?

डोंगरपायी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. माझ्याकडे तो नेहमीचा लाल स्विस चाकू आहे, ९१ मिलिमीटरवाला, पात्याला नखाची खाच. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या नखाने पातं ओढायचं. काम म्हणाल तर ट्रेकला काकडी, कांदा, सुतळी, मॅगीची पाकिटं आणि घरी कुरियरचे खोके. आता एक लॉकवाला (उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून अडकून राहतं तो) घ्यायचाय, बजेट चारेक हजार. शोधायला गेलं तर जिकडे तिकडे एकच व्हिडिओ, कोणीतरी बोट लावतोय, खट्ट, मिटतोय, परत खट्ट, आणि खाली लोक लिहितायत काय ॲक्शन आहे काय ॲक्शन आहे. अरे पण कापून दाखव की काहीतरी!

मला एवढंच कळत नाहीये की ते अर्धं सेकंद वाचवून मी करू काय, काकडी काय पळून जाणारे? एका हाताने उघडता येणं वेगळं, ते पटतं मला. पण फ्लिपर, स्प्रिंगची मदत, बेअरिंग, याला जास्तीचे पैसे मोजावेत का? वापरणाऱ्यांनीच सांगा, व्हिडिओ बघणाऱ्यांनी नको.

खवट_आजोबा
नका घेऊ. संपला धागा.

नटबोल्ट
आजोबा थांबा जरा, धागा आत्ता कुठे सुरू झालाय :)

डोंगरपायी, आधी यात दोन गोष्टींची गल्लत होतीये ती सोडवू. एका हाताने उघडणारा आणि झटकन उघडणारा हे एकच नव्हे. पात्याला गोल भोक पाडायचं, अंगठा त्यात घालून सरकवायचं, ही आयडिया स्पायडर्कोवाल्यांनी १९८१ साली त्यांच्या पहिल्याच घडीच्या चाकूत आणली, त्यालाच खिशाला अडकवायची क्लिप पण होती. थंब स्टड म्हणजे पात्याच्या अंगाला बारीक खुंटी, काम तेच. या दोन्हीत वेग तुमच्या अंगठ्याचा, हळू सरकवा नाहीतर झटका द्या. फ्लिपरमध्ये मिटलेल्या चाकूच्या पाठीला एक कान बाहेर आलेला असतो, तो तर्जनीने दाबला की पातं एका दमात बाहेर, हळू उघडायचं म्हटलं तरी धड उघडत नाही, कारण आतली बारीक गोळी पातं धरून ठेवते, ती सुटेपर्यंत जोर लावावा लागतो आणि सुटली की सगळा जोर एकदम पात्यात. आणि असिस्टेड म्हणजे तुम्ही थोडं ढकलायचं, पुढचं स्प्रिंग करणार. केन ओनियन नावाच्या कारागिराने ते केर्शॉ कंपनीसाठी नव्वदच्या दशकात बसवलं, तेव्हापासून हा सगळा खटखटाट.

माझ्याकडे यातले सगळे प्रकार आहेत, बायको मोजत नाही तोवर ठीक. रोज खिशात असतो तो भोकवाला.

रानमांजर
+१ भोकाला. थंडीत पहाटे हात बधिर असतात किंवा हातमोजे असतात तेव्हा बारीक खुंटी सापडत नाही, भोक सापडतं. आणि भोक काही तुटत नाही, सैल होत नाही, हरवत नाही.

मी दोराचं काम करते, प्रस्तरारोहण आणि वॉटरफॉल रॅपलिंग, तर तिथलं सांगते. एक हात कायम दोरावर, त्यामुळे चाकू एका हाताने उघडायलाच हवा, यात वाद नाही. पण झटकन? अजिबात नको. ताणलेल्या दोराला धारदार पातं नुसतं टेकलं तरी दोर सुटतो, कापावा लागत नाही. अंगावर वजन असलेल्या दोरापासून वीतभर अंतरावर खट्टकन उसळून येणारं पातं मला नकोय, मला ते सावकाश, बघत बघत उघडायचंय. या कामासाठी पेट्झल कंपनीचा स्पाथा म्हणून चाकू येतो, बिजागरीला मोठं भोक, त्यात कॅराबिनर (झडपेची धातूची कडी) अडकवायचा, आणि उघडायला खरबरीत दातेरी कडी, मोजे घालूनही फिरवता येते. दिसायला अगदीच साधा, व्हिडिओत कोणी दाखवत नाही.

दुसरं, क्लिप लावून टोक वर ठेवून खिशात ठेवलेला चाकू जर सैल असेल तर तो खिशातच अर्धवट उघडतो आणि मग आपण हात घालतो. फ्लिपरचा कान तर सॅकच्या पट्ट्याला, दोराला, कशालाही अडकतो.

डोंगरपायी (धागाकर्ता)
बापरे, हा खिशातला मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

कलमबाग
आमच्याकडे आंब्याची कलमं बांधतात, दापोलीपासून जवळच आहे गाव, तर चाकूशी रोजचा संबंध. कोय कलमाचा सीझन जुलै-ऑगस्ट, पावसात, मांडवात बसून. रोप हातात घ्यायचं, देठाला काप द्यायचा, काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, आत बसवायची, प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, पुढचं रोप. चाकू सकाळी उघडला की जेवायच्या सुट्टीलाच मिटतो. म्हणजे उघडायला दोन मिनिटं लागली तरी आमचं काही अडत नाही! धार मात्र अशी लागते की काप एका झटक्यात सपाट आला पाहिजे, दुसऱ्यांदा पातं फिरवलं की कलम धरायची खात्री नाही. म्हणून आमच्या चाकूची धार एकाच बाजूने घासलेली असते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे जी कोणी व्हिडिओत सांगत नाही, ती म्हणजे चीक. आंब्याचा चीक पात्यावरून ओघळत बिजागरीत जातो, तिथे सुकतो आणि गुळासारखा धरतो. मुंबईच्या भाच्याने हौसेने बेअरिंगवाला फ्लिपर आणून दिला होता, चार दिवस नुसता सुंईकन उघडायचा, मग चीक आणि चिखल आत गेला आणि कान दाबला की पातं अर्ध्यावर येऊन थांबायला लागलं. अर्ध्यावर थांबलेलं पातं म्हणजे ना उघडं ना मिटलेलं, लॉक लागलेलं नाही, हात ओला. त्यापेक्षा नखाने उघडणारा परवडला. आता तो खोलून स्पिरिटने पुसलाय आणि बाग सोडून घरात ठेवलाय, पार्सलं फोडायला मस्त.

एका हाताचं काम म्हणाल तर ते बागेत नाही, गोठ्यात पडतं. वासराच्या मानेला दावं आवळलं आणि ते धडपडतंय, एका हाताने त्याला दाबून धरलंय, अशा वेळी दुसरा हात आणणार कुठून. तेव्हा मात्र खिशातून काढून अंगठ्याने उघडणारा चाकू म्हणजे देव. पण तिथेही सेकंदाचा प्रश्न नव्हता हां, हाताचा होता.

बोरकूट
कलमबाग, दंडवत. प्रतिसाद आवडला.

नटबोल्ट
कलमबाग यांनी अगदी नेमकं सांगितलं. यात थोडी भर घालतो. पातं फिरतं त्या खिळ्याभोवती एकतर कांस्याच्या पातळ चकत्या असतात नाहीतर बारीक गोळ्यांचं बेअरिंग. बेअरिंग गुळगुळीत पळतं पण गोळ्यांच्या मधे रेती, कपड्याचे तंतू, चिखल अडकतो. चकत्या जरा जड चालतात पण मातीला फारसं जुमानत नाहीत, दोन थेंब तेल आणि झालं. बागेत, समुद्रावर, पावसात चकत्यावालाच घ्यावा असं माझं मत. असिस्टेडमध्ये त्यावर आणखी एक स्प्रिंगची तार. ती थकते, तुटते आणि सगळं खोलायला बसलं की तिला परत जागेवर बसवताना नाकीनऊ येतात. माझ्या एकाची तार तुटली, कंपनीचं नाव घेत नाही, त्यानंतर तो साध्या चाकूसारखा वापरतोय आणि खरं सांगू, आता तो जास्त आवडतो.

खवट_आजोबा
म्हणजे स्प्रिंग तुटल्यावर चाकू सुधारला. हेच तर मी पहिल्या ओळीत म्हटलं होतं.

म्युनिकमुक्काम
इकडे जर्मनीत हा प्रश्न आवडीचा नाही, थेट पोलिसांचा आहे. एका हाताने उघडणारा आणि वर लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायला २००८ पासून बंदी आहे. कारण म्हणजे काम, खेळ, परंपरा वगैरे, खिशात असावा म्हणून असतो हे चालत नाही. गंमत बघा, बारा सेंटीमीटरपर्यंतची न मिटणारी सुरी या बंदीत येत नाही, पण सहा सेंटीमीटरचा भोकवाला लॉकचा चाकू येतो! म्हणून इथले लोक काय करतात, एकतर लॉक नसलेला एकहाती घेतात नाहीतर लॉकवाला पण नखाच्या खाचेचा. काहीजण खुंटी चक्क काढून टाकतात.

आणि त्याच २००८ साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने आपला जुना शिपायाचा चाकू बदलून १११ मिलिमीटरचा नवा नमुना घेतला, पात्याला मोठं भोक, एका हाताने उघडणारा, लॉक होणारा. म्हणजे सीमेच्या त्या बाजूला शिपायाला गरज म्हणून जे दिलं तेच या बाजूला खिशात घालून फिरलात की दंड. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून तर आणखी कडक झालंय, बटणाने उडणारे चाकू काही अपवाद सोडले तर बंदच, आणि जत्रा-उत्सव, लांब पल्ल्याच्या गाड्या यात सगळेच चाकू बंद.

मी स्वतः आपला खाचेवाला छोटा ठेवते, सफरचंदापुरता.

बोरकूट
इंग्लंडात तर लॉकच चालत नाही कारणाशिवाय. तीन इंचाच्या आतलं, लॉक नसलेलं घडीचं पातं तेवढं बिनतक्रार. आणि २०२१ च्या जुलैपासून फ्लिक नाइफची व्याख्या रुंद केली त्यात स्प्रिंगच्या मदतीने उघडणारे असिस्टेडही आले, घरात ठेवायलाही मनाई. लेस्टरला मामाकडे जाताना कोणी हौसेने भेट म्हणून नेत असेल तर नका नेऊ.

फिरस्ता_जर्सी
अमेरिकेचं उलट आणि मजेशीर. बटण दाबून उडणाऱ्यांवर १९५८ चा केंद्राचा कायदा आहे, मग २००९ मध्ये सुधारणा करून असिस्टेड त्यातून वगळले, कारण त्याचं पातं मिटलेलं राहायलाच बघतं, हाताने ढकलल्याशिवाय उघडत नाही. पण न्यूयॉर्कात वेगळाच एक नियम होता, मनगटाच्या झटक्याने उघडला की तो ग्रॅव्हिटी नाइफ. पोलीस तुमचा साधा कामाचा चाकू हातात घ्यायचे, झटके मारून बघायचे आणि उघडला की गुन्हा. सुतार, गोदामातले कामगार, स्टेजवर काम करणारे, हार्डवेअरच्या दुकानातून राजरोस विकत घेतलेल्या चाकूपायी अडकले. २०१९ मध्ये तो नियम रद्द झाला एकदाचा. त्यामुळे माझ्या मते तरी ॲक्शन जितकी सैल तितका ताप जास्त, निदान तिकडे तरी होता.

तारीखपेतारीख
भारतातलं मी सांगतो, कोर्टात रोजचं जाणंयेणं आहे म्हणून, सल्ला म्हणून नव्हे. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम, त्यात शस्त्र म्हणून नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा वर्ग आहे, घरगुती, शेतीची, कारखान्याची हत्यारं त्यातून वगळलेली. ट्रेकचा घडीचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. पण तेवढ्यावर खुश होऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ३७ आहे, त्याखाली पोलीस मनाई आदेश काढतात, सणवार, निवडणुका, मोर्चे, आणि तो लागू असताना शस्त्र घेऊन फिरलात तर कलम १३५ खाली शिक्षा. पेपरात बारीक टायपात येतं, कोणी वाचत नाही. दिल्लीत तर बटणवाले आणि गरारीवाले (दातेरी खाचांवरून कट्कट् करत उघडणारे) चाकू ठराविक मापापुढे जुन्या अधिसूचनेने बंद आहेत, किती पोरं त्यात आत जातात बघा.

थोडक्यात खटक्याचा चाकू नको. चेकिंगला हवालदाराच्या हातात दिला आणि त्याने बोट लावताच तो उडाला तर तुमचा काकडीचा युक्तिवाद तो ऐकणार नाही. लाल स्विस चाकू बघून तो फार तर त्यातला बाटली ओपनर उघडून बघेल.

अवांतर: रामपूरला २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केलाय. ज्या रामपुरीने हिंदी सिनेमातला खलनायक घडवला त्याचं स्मारकच म्हणा. गरारीचा कट्कट्कट् आवाज हीच त्याची सगळी दहशत होती, कापायच्या आधीच काम व्हायचं.

खवट_आजोबा
हे बरोबर. आवाज ऐकवायला असतात ते चाकू. कापणाऱ्याला आवाज लागत नाही.

सांजपणती
मी शक्यतो अशा धाग्यांवर लिहीत नाही पण आजोबांना एक सांगायचंय. माझ्या आईला संधिवात आहे, बोटं वाकडी झालीत. ती नखाच्या खाचेचा चाकू उघडूच शकत नाही, स्प्रिंग घट्ट आणि नखात जोर नाही. लॉकचं बटण दाबून उघडणारी बाटलीची झाकणंसुद्धा तिला जड जातात. भावाने तिला मोठ्या भोकाचा हलका चाकू दिला, ती अंगठ्याच्या पेराने ढकलते, उघडतो. फुलं, दोरे, औषधाच्या पट्ट्या सगळं त्यानेच. तेव्हा “गरज काय” हे ज्याची दोन्ही हातांची बोटं धड आहेत त्याने विचारावं हे ठीक, पण सगळ्यांच्या वतीने नको.

खवट_आजोबा
मान्य. भोकाला माझा विरोध नव्हता, खट्टला आहे.

रानमांजर
सांजपणती, फार महत्त्वाचं लिहिलंत. फक्त एक बघा, मिटताना तिला लॉक कसं सोडावं लागतं? तिथे जास्त काळजी.

नटबोल्ट
हेच लिहायला आलो होतो. सगळी दुनिया उघडण्याबद्दल बोलते आणि बोटं कापतात मिटताना. झटकन उघडणाऱ्या चाकूला लाइनर लॉक असेल, म्हणजे मुठीच्या आतल्या बाजूला पत्र्याची वाकलेली पट्टी, तर ती बाजूला सारायला अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. पातं जितकं सैल पळतं तितकं ते लॉक सुटताक्षणी स्वतःच्या वजनाने खाली येतं, अंगठा काढलाच नाही तर पेरावर. फ्रेम लॉक म्हणजे तेच, फक्त मुठीचाच अर्धा भाग पट्टीचं काम करतो. फ्लिपरचा एक फायदा इथे आहे तो मान्य करायला हवा, उघड्या चाकूत तो कान खाली येऊन बोटाच्या पुढे आडवा राहतो, त्यामुळे बोट पात्यावर घसरत नाही आणि मिटताना आधी कान बोटाला लागतो, धार नाही.

त्यापेक्षा आडव्या दांडीचं लॉक बघा. बेंचमेड कंपनीने १९९८ च्या सुमाराला ॲक्सिस लॉक म्हणून आणलं, त्याचं पेटंट संपल्यावर आता कितीतरी स्वस्त चाकूंत मिळतं, चिनी गॅन्झो तर बरीच वर्षं तसंच काहीतरी देतायत. मुठीच्या दोन्ही बाजूंना बारीक खुंट्या, मागे ओढल्या की पातं मोकळं, एकही बोट पात्याच्या वाटेत नाही, डावा उजवा कुठलाही हात चालतो. डोंगरपायी, चार हजार असतील तर ते स्प्रिंगवर घालू नका, लॉकवर घाला. दुकानात हातात घ्या आणि उघडून नाही, दहा वेळा एका हाताने मिटून बघा. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे.

तारीखपेतारीख
जाता जाता, खिशाच्या कडेला अडकून बाहेर काढतानाच उघडणारा एक प्रकार असतो ना? पोराने दाखवला होता.

नटबोल्ट
तो एमर्सन कंपनीचा वेव्ह. पात्याच्या पाठीला आकडा असतो. मूळ कल्पना समोरच्याचं पातं अडवायची होती असं सांगतात, खिशाला अडकून उघडतं हा नंतर सापडलेला फायदा. सगळ्यात वेगवान प्रकार हाच, कारण खिशातून काढणं आणि उघडणं एकच हालचाल. आणि सगळ्यात पटकन फाटणारा खिसाही त्याचाच. जीन्सच्या शिवणीची वाट लागते. पोराच्या आईला विचारा.

कलमबाग
पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही म्हणून. ओपिनेल वापरून बघा, फ्रान्सचा लाकडी मुठीचा, आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, पातळ, फळाला याच्यासारखा चाकू नाही. दोन हातांनी उघडायचा आणि लोखंडी कडी फिरवून लॉक करायचं. पण आमच्या पावसात मूठ फुगते आणि पातं आत घट्ट बसतं, नख तुटेल पण येणार नाही. तेव्हा मुठीचं मागचं टोक दगडावर नाहीतर उंबऱ्यावर टक्कन आपटायचं, पातं तेवढं पुढे सरकतं की चिमटीत येतं. तिथल्या लोकांचीही हीच रीत आहे. उन्हाळ्यात परत मोकळा.

डोंगरपायी (धागाकर्ता)
आता मीच गोंधळलो की हो, झटकन उघडणारा विचारायला आलो आणि आपटून उघडणारा आवडला :D

बरं, ठरत आलंय. आडव्या दांडीचं लॉक, आत चकत्या, उघडायला भोक किंवा खुंटी, फ्लिपर नको, स्प्रिंग तर नकोच. पातं तीन इंचाच्या आसपास. खेळायला मजा येते हे मात्र मान्य आहे, मित्राचा फ्लिपर हातात घेतला की अर्धा तास खाली ठेवत नाही मी, पण ते पैसे ट्रेकच्या बुटांना लावतो. शेवटची शंका, मी डावखुरा आहे. भोक दोन्हीकडून चालतं, पण क्लिपचं काय? आणि बिजागरीत तेल कुठलं, खोबरेल चालेल का, कांदा-काकडी कापायचीये त्याने.

नटबोल्ट
क्लिप उलट्या बाजूला बसवायला मुठीवर स्क्रूची भोकं आधीच पाडलेली आहेत का ते बघून घ्या, बऱ्याच जणांत असतात, काहींत नसतात, आणि नसली की डावखुऱ्याला चाकू खिशातून काढून हातात फिरवून घ्यावा लागतो. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल एक थेंब, जास्तीचं कपड्याने पुसून टाका, खाण्याच्या पात्यावर उरू देऊ नका. आणि घेतल्यावर स्क्रू एकदा तपासा, नव्या चाकूंत बिजागरीचा स्क्रू कधी कधी इतका आवळलेला असतो की लोक त्यालाच खराब ॲक्शन समजून परत पाठवतात.

कलमबाग
आणि धार लावायचा दगडही त्याच ऑर्डरमध्ये घ्या.